ज्वालाग्राही : पदार्थ, परिस्थिती आणि जबाबदारी

चटकन पेट घेणाऱ्या वस्तूंसाठी मराठीत 'ज्वालाग्राही' हे विशेषण रूढ आहे. रेल्वेने प्रवास करताना ज्वालाग्राही पदार्थ सोबत बाळगू नयेत ही सूचना पुणे स्थानकावरील प्रवाशांच्या कानांवरून रोज जाते. लोणी काळभोरच्या तेलसाठ्यांतून बाहेर पडणाऱ्या टँकरांवर, रंगांच्या आणि रसायनांच्या गोदामांवर तोच इशारा या ना त्या शब्दांत लिहिलेला असतो. आणि पेठांतील एखाद्या वाड्याला किंवा दुकानांच्या रांगेला आग लागली की 'आतील ज्वालाग्राही साहित्यामुळे आग भडकली' हे वाक्य बातमीत ठरल्यासारखे येते. या सर्व ठिकाणी हा शब्द पदार्थांच्या एका ठरावीक वर्गाचे नाव असल्यासारखा वापरला जातो, जणू काही वस्तू जन्मतःच ज्वालाग्राही असतात आणि उरलेल्या तशा नसतात. रसायनशास्त्र, कायदा आणि पुण्याच्या आगींचा इतिहास या तिन्हींच्या कसोटीवर ही समजूत टिकत नाही. ज्वालाग्राहिता हा पदार्थ, त्याची मांडणी आणि भोवतालची स्थिती यांच्या संबंधातून निर्माण होणारा गुण आहे, आणि तो पदार्थाच्या एकट्याच्या माथी मारला की मांडणी करणारा माणूस हिशेबातून सुटतो. हा दोष आगीच्या बातमीत जितका आहे, तितकाच समाजाविषयी बोलताना केलेल्या या शब्दाच्या लाक्षणिक वापरातही आहे.

या शब्दाचे शेजारीही विचारात घेतले पाहिजेत. 'ज्वलनशील', 'दहनशील' आणि 'स्फोटक' ही विशेषणे रोजच्या भाषेत एकमेकांच्या जागी बिनदिक्कत येतात. 'शील' हा घटक स्वभाव किंवा प्रवृत्ती दाखवतो, त्यामुळे जे जळू शकते ते सारे ज्वलनशील म्हणता येते, मग ते पेटायला कितीही वेळ लागो. 'ग्राही' या घटकात घेणे, पकडणे ही क्रिया आहे. गुणग्राही माणूस समोर आलेला गुण तत्काळ टिपतो, तसा ज्वालाग्राही पदार्थ जवळ आलेली ज्योत तत्काळ स्वीकारतो. दगडी कोळसा ज्वलनशील आहे, पण आगकाडी लावून तो पेटत नाही. शेगडी पेटवताना खाली कागद, ढलप्या आणि रॉकेलचा बोळा घालावा लागे तो याचमुळे. कापूर मात्र ज्योतीचा नुसता स्पर्श होताच पेटतो. पहिल्या शब्दात जळण्याची शक्यता सांगितली आहे आणि दुसऱ्यात पेटण्याची तत्परता. स्फोटक पदार्थाची गोष्ट त्याहून वेगळी आहे, आणि तिचा विचार पुढे येईल.

तत्परता हा गुण मानला की ती कशावर अवलंबून असते हा प्रश्न लगेच उभा राहतो. भवानी पेठेतील लाकूडबाजारात एकच सागवान तीन रूपांत दिसते. वीतभर जाडीची तुळई, रंध्याखालून निघालेल्या पातळ ढलप्या आणि करवतीखाली साचलेला भुसा या तिन्हींचे रासायनिक घटक एकच आहेत. तुळईला आच लागली तर तिचा पृष्ठभाग जळून कोळशाचा थर बनतो, तो थर आतील लाकडापर्यंत उष्णता पोचण्याचा वेग कमी करतो आणि तुळई बराच काळ भार पेलत राहते. ढलप्यांना चारही बाजूंनी हवा मिळते, म्हणून त्या आगकाडीने पेटतात. भुसा ढिगात पडून असेल तर धुमसतो, पण त्याची बारीक धूळ बंद जागेत हवेत उडालेली असताना ठिणगी पडली तर तिचा स्फोटही होऊ शकतो. सागवान ज्वालाग्राही आहे का, या प्रश्नाला म्हणूनच नुसते होय किंवा नाही असे उत्तर देता येत नाही. ते किती जाड आहे, किती सुके आहे आणि हवेला किती उघडे आहे, हे आधी सांगावे लागते.

पुण्याच्या वाड्यांचा इतिहास या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. 1732 मध्ये वास्तुशांत झालेल्या शनिवारवाड्याचे जोते आणि तटाचा खालचा भाग दगडी होता. वरचे मजले, खांब, तुळया, तक्तपोशी आणि नक्षीकाम सागवानी होते. 27 फेब्रुवारी 1828 रोजी लागलेली आग कित्येक दिवस धुमसत राहिली आणि आज दिसतात ते दरवाजे, तट, जोती आणि हौद तेवढे मागे उरले. लाकूड होते म्हणून वाडा जळाला, हे स्पष्टीकरण खरे असले तरी अपुरे आहे, कारण लाकडाचाच तो वाडा त्याआधी जवळजवळ शंभर वर्षे समया, मशाली आणि मुदपाकखान्यांच्या सहवासात उभा होता. कोरडा ऋतू, एकमेकांना जोडून उठलेले मजले, आणि पेशवाई संपल्यावर या वास्तूचा बदललेला वापर या साऱ्यांचा त्यात वाटा धरावा लागतो. पेठांतील जुन्या वाड्यांनाही आग लागल्यावर हेच दिसते : माळ्यावरची अडगळ, जिन्याखालची रद्दी, जुनाट वायरिंग आणि बंब शिरू शकणार नाही असा बोळ एकत्र आल्यावर तुळई धोक्याची ठरते.

शहराला वेढून असलेल्या टेकड्या हीच गोष्ट ऋतूच्या भाषेत सांगतात. वेताळ टेकडी, तळजाई आणि पर्वती-पाचगाव परिसरातील गवत श्रावणात पेटवू म्हटले तरी पेटत नाही. तेच गवत माघ-फाल्गुनात एका विडीच्या थोटकाने वणव्याचे रूप घेते. वनखात्याचे कर्मचारी त्याआधी जाळरेषा काढतात, म्हणजे ठरावीक रुंदीच्या पट्ट्यातील गवत स्वतःच्या देखरेखीखाली आधीच जाळून किंवा कापून टाकतात, जेणेकरून पुढे येणाऱ्या वणव्याला खाण्यासाठी काही उरू नये. ज्याला गवताची ज्वालाग्राहिता नेमकी कळली आहे त्याची ही कृती आहे. तो गवताला दोष देत बसत नाही. गवत केव्हा आणि कुठवर पेटेल हे ओळखून तो मांडणी बदलतो.

द्रव पदार्थांच्या बाबतीत या शब्दाची सीमा आकड्यांनी आखावी लागली. द्रव स्वतः जळत नाही, त्याची वाफ जळते. ज्या सर्वांत कमी तापमानाला पृष्ठभागावर पुरेशी वाफ जमून ज्योत दाखवताच ती क्षणभर भडकते, त्या तापमानाला फ्लॅश पॉइंट म्हणतात. 1934 च्या पेट्रोलियम कायद्यात मुळात 'धोकादायक पेट्रोलियम' अशी संज्ञा होती. 1970 च्या दुरुस्तीने ते विशेषण काढून वर्ग ठरवले : 23 अंश सेल्सिअसखाली फ्लॅश पॉइंट असलेले ते 'अ' वर्गाचे, 23 ते 65 अंशांदरम्यानचे 'ब' वर्गाचे आणि 65 ते 93 अंशांदरम्यानचे 'क' वर्गाचे. पेट्रोलचा फ्लॅश पॉइंट शून्याखाली सुमारे 40 अंश असल्याने पुण्यातील कोणत्याही रात्री ते पेटण्यास सिद्ध असते. रॉकेल आणि डिझेल 'ब' वर्गात येतात. थंडीच्या पहाटे त्यांची वाफ भडकण्याइतकी जमत नाही, वैशाखातील दुपारी मात्र उन्हात तापलेल्या पिंपात ती जमू शकते. 'धोकादायक' या सरसकट विशेषणाच्या जागी तापमानाची अट आली, याचा अर्थ कायद्याने धोका हा गुण वस्तूच्या नावातून काढून परिस्थितीच्या मोजमापात आणला. या कायद्याची अंमलबजावणी पाहणाऱ्या, 'पेसो' या संक्षिप्त नावाने ओळखल्या जाणाऱ्या केंद्रीय संघटनेचे मुख्यालय नागपूरला आहे, आणि तिच्या परवान्यांत पदार्थाच्या नावाइतकेच साठ्याचे परिमाण, टाक्यांमधील अंतर आणि हवा खेळती राहण्याची सोय यांना महत्त्व असते.

नुसत्या शब्दावर विसंबल्याने काय होते, याचे एक प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतील भाषाभ्यासक बेंजामिन ली व्होर्फ यांनी नोंदवले आहे. ते व्यवसायाने आगविमा कंपनीचे तपासनीस होते. पेट्रोलच्या भरलेल्या पिंपांजवळ लोक जपून वागतात आणि 'रिकाम्या' पिंपांजवळ मात्र निर्धास्तपणे विडीकाडी करतात, असे त्यांना आगींच्या अहवालांवरून दिसले. वस्तुतः पेट्रोलची वाफ हवेत साधारण दीड ते साडेसात टक्के असते तेव्हाच पेटते. भरलेल्या पिंपात ती त्याहून दाट असते, रिकाम्या पिंपात मात्र नेमकी या मर्यादेत येण्याची शक्यता अधिक असते. मराठीतील 'रिकामा' हा शब्दही तितकाच फसवा आहे. भंगाराच्या दुकानात जुने पिंप कापायला घेणाऱ्या कामगाराला ते रिकामे दिसते, म्हणून ते धुऊन घेण्याची गरज त्याला वाटत नाही. ज्वालाग्राही पदार्थ संपला, असे भाषा सांगते. ज्वालाग्राही स्थिती मात्र तिथे नुकतीच सुरू झालेली असते.

हा विचार भारतीय तर्कपरंपरेला नवा नाही. न्यायशास्त्रात धुरावरून अग्नीचे अनुमान हे शिकवणीचे आद्य उदाहरण आहे. पण त्याच शास्त्राने असेही दाखवले की अग्नी आहे म्हणून धूर असेलच असे नाही, कारण तापून लाल झालेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असतो आणि धूर नसतो. धूर निघण्यासाठी ओल्या इंधनाचा संयोग लागतो. हा संयोग न सांगता 'जिथे अग्नी तिथे धूर' असे म्हणणे सदोष ठरते, आणि जी अट गृहीत धरूनच विधान खरे होते तिला नैयायिक 'उपाधी' म्हणतात. व्यवहारातील मराठीत उपाधी म्हणजे नसता त्रास किंवा पदवी असा अर्थ रूढ झाला असला, तरी पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने 1928 मध्ये वासुदेवशास्त्री अभ्यंकर यांच्याकडून सुधारून प्रसिद्ध केलेल्या, मूळ भीमाचार्य झळकीकरकृत 'न्यायकोशा'सारख्या ग्रंथांतून हा पारिभाषिक अर्थ जिवंत राहिला आहे. त्या परिभाषेत सांगायचे तर ज्वालाग्राहिता हा सोपाधिक धर्म आहे : सुकेपणा, सूक्ष्मता, हवा आणि तापमान या उपाधी वगळून तो कोणत्याही वस्तूवर लादता येत नाही.

स्फोटक पदार्थ वेगळे का, हेही याच विचाराने स्पष्ट होते. सोरा, गंधक आणि कोळसा यांच्या मिश्रणाला मराठीत 'दारू' म्हणत, आणि दारूगोळा, दारूकाम, शोभेची दारू या शब्दांत तो अर्थ अजून टिकून आहे. या मिश्रणात सुमारे तीन चतुर्थांश वाटा सोऱ्याचा असतो, आणि गंमत अशी की सोरा स्वतः जळतच नाही. तो उरलेल्या दोघांना प्राणवायू पुरवतो, म्हणून हे मिश्रण बाहेरच्या हवेची वाट पाहत नाही आणि कोंडलेल्या जागेतही क्षणात जळून जाते. भांडारकर संस्थेचे अभिरक्षक परशुराम कृष्ण गोडे यांनी भारतातील दारूकामाच्या इतिहासाचा शोध घेताना ओडिशाचा राजा गजपती प्रतापरुद्रदेव याच्या नावावरील 'कौतुकचिंतामणी' या ग्रंथातील कृती उजेडात आणल्या. त्यांत सोरा, गंधक, कोळसा आणि धातूंचे चूर्ण यांची प्रमाणे बारकाईने दिली आहेत, कारण परिणाम त्या प्रमाणांवरच अवलंबून असतो. 1869 मध्ये खडकीला उभ्या राहिलेल्या दारूगोळा कारखान्यापासून पाषाणच्या सुतारवाडीतील उच्च ऊर्जा पदार्थ संशोधन प्रयोगशाळेपर्यंत पुण्याचा या शास्त्राशी असलेला संबंध म्हणजे प्रमाण, शुद्धता आणि अंतर यांच्या काटेकोरपणाचाच संबंध आहे.

पदार्थ कोणता आणि तो केव्हा गुन्ह्याचा विषय होतो, या प्रश्नाने पुण्यातील एका माणसाच्या आयुष्याला 1908 मध्ये निर्णायक वळण दिले. मुझफ्फरपूरच्या बाँबस्फोटानंतर सरकारने 8 जून 1908 या एकाच दिवशी दोन कायदे केले : स्फोटक पदार्थांविषयीचा त्या वर्षीचा सहावा, आणि गुन्ह्यास चिथावणी देणाऱ्या वृत्तपत्रांविषयीचा सातवा. दारू आणि शब्द यांना राज्यकर्त्यांनी पाठोपाठचे क्रमांक दिले. स्फोटक पदार्थांच्या व्याख्येत तयार स्फोटकांबरोबर ती बनवण्यासाठी लागणारी कोणतीही सामग्री आणि साधनेही घालण्यात आली, म्हणजे हेतू जोडला की साध्यासुध्या वस्तूही तिच्या कक्षेत येत. दुसऱ्याच दिवशीच्या 'केसरी'त 'हे उपाय टिकाऊ नाहीत' हा अग्रलेख आला. त्याच्या प्रतिपादनाचा रोख असा की बाँब ही तोफाबंदुकांसारखी जप्त करता येणारी वस्तू नसून ते एक ज्ञान आहे, आणि दडपशाहीने निर्माण झालेला असंतोष तसाच ठेवून सामग्रीवर बंदी घातल्याने काही साधणार नाही. या आणि आधीच्या एका लेखावरून 'केसरी'चे संपादक बाळ गंगाधर टिळक यांच्यावर राजद्रोहाचा खटला झाला. त्यांच्या घरझडतीत सापडलेले, स्फोटकांवरील दोन इंग्रजी ग्रंथांची नावे टिपलेले एक पोस्टकार्ड सरकारपक्षाने पुराव्यात दाखल केले. नव्या कायद्यातील 'स्फोटक' या शब्दाच्या व्याख्येवर टीका लिहायची होती, त्यासाठी ही नावे टिपून ठेवली होती, असा टिळकांचा खुलासा होता. व्याख्या तपासण्याची तयारीच संशयाचे कारण ठरली. 22 जुलै 1908 रोजी सहा वर्षांच्या काळ्या पाण्याची शिक्षा झाली आणि टिळकांची रवानगी मंडालेला झाली.

या खटल्यात दोन भूमिका समोरासमोर आल्या. शब्दाची ठिणगी पडली म्हणून भडका उडाला, असे सरकारचे म्हणणे; आणि राज्यकारभाराने मने सुकवून ठेवली होती, हे आधी पाहा, असे 'केसरी'चे. एकाने सारा भर ज्योतीवर दिला, दुसऱ्याने ज्वालाग्राही स्थिती निर्माण करणाऱ्यावर. दोन्ही भूमिकांत एक गोष्ट समान होती, ती म्हणजे कर्त्याचा शोध. वाद होता तो कर्ता कोण याबद्दल. नंतरच्या काळातील मराठी लेखनात हा शोधच सैल पडत गेला. 'शहरातील वातावरण ज्वालाग्राही होते', 'जमाव पेटला', 'जनक्षोभाचा भडका उडाला' या वाक्यांत कर्ता म्हणून वातावरण, जमाव आणि भडका येतात. सुके गवत कोणी रचले आणि काडी कोणी टाकली, ही दोन्ही माणसे वाक्याबाहेर राहतात.

याचा सर्वांत बोलका नमुना म्हणजे 'जळीत' हा शब्द. 30 जानेवारी 1948 रोजी महात्मा गांधींची हत्या झाल्यानंतर पुण्यात आणि सातारा, सांगली, कोल्हापूर या भागांत ब्राह्मणांची घरे आणि दुकाने जाळण्यात आली. मराठीत या घटनेचे नाव 'जळीत' पडले, ज्यांचे सर्वस्व गेले ते 'जळितग्रस्त' झाले आणि पुनर्वसनासाठी सरकारने दिलेली रक्कम 'जळीत कर्ज' म्हणून कागदोपत्री आली. अतिवृष्टी किंवा पूर यांच्या ओळीत बसेल असे हे नाव आहे. जाळणारा त्यात नाही. हत्येने उसळलेला संताप खरा होता आणि त्यामागे जातिव्यवस्थेने साठवलेली जुनी कटुताही होती. परंतु साठलेली कटुता ही उपाधी झाली. ती सांगितल्याने पेटवणाऱ्याचा हात नाहीसा होत नाही, आणि पेटवणाऱ्याचा हात दाखवल्याने कटुता साठवणाऱ्या व्यवस्थेची झडतीही टळत नाही.

याउलट, कर्ता शोधण्याची घाई झाली की काय होते, तेही पुण्याने पाहिले आहे. 13 मे 1879 च्या रात्री बुधवारवाडा आणि विश्रामबागवाडा या पेशवेकालीन वास्तूंना आग लागली; त्या वेळी तिथे सरकारी कचेऱ्या आणि शालेय पुस्तकांचे भांडार होते. वासुदेव बळवंत फडके यांच्या बंडाने सरकार धास्तावलेले होते, त्यामुळे संशयाचा रोख त्या बाजूला आणि सुशिक्षित पुणेकरांकडे वळला. अशा सुशिक्षितांपैकीच एक असलेल्या महादेव गोविंद रानडे यांची याच सुमारास धुळ्याला बदली झाली. प्रत्यक्षात आग लावणारा माणूस पुस्तकभांडारातीलच एक कर्मचारी होता आणि हिशेबातील अफरातफर झाकणे हा त्याचा उद्देश होता. 'वातावरण ज्वालाग्राही आहे' या समजुतीने सरकारला साऱ्या शहरात बंडखोर दिसले. खऱ्या आगीचे कारण जमाखर्चाच्या वहीत होते.

कायद्याची आजची दिशा शब्दाच्या या योग्य वापराला पोषक आहे. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006 हा इमारतीच्या मालकावर आणि भोगवटादारावर आगप्रतिबंधक यंत्रणा चालू स्थितीत ठेवण्याचे कर्तव्य टाकतो, आणि ती तशी असल्याचे प्रमाणपत्र दर वर्षी जानेवारी आणि जुलै महिन्यांत सादर करावे लागते. आत कापड आहे, कागद आहे की रंग आहे, एवढ्यावर तो थांबत नाही. त्या वस्तूंच्या सहवासात राहणाऱ्या माणसाने काय केले, हे तो विचारतो. समाजातील तणावाबाबतही मराठीकडे कर्ता दाखवणारे शब्द तयार आहेत. 'प्रक्षोभक भाषण' म्हटले की वक्ता समोर येतो, 'चिथावणी' म्हटले की चिथावणारा शोधावा लागतो. 'ज्वालाग्राही वातावरण' म्हटले की कोणीच सापडत नाही.

तेव्हा 'ज्वालाग्राही' हा शब्द वापरताना तो अपुरे विशेषण आहे हे ध्यानात ठेवून त्याला त्याच्या अटी जोडून देणे, एवढीच अपेक्षा बातमीदाराकडून, अधिकाऱ्याकडून आणि अभ्यासकाकडून करता येते. गोदामातील साहित्य ज्वालाग्राही होते असे लिहिले, तर ते किती होते, कसे रचले होते, कोणाच्या परवान्यावर होते आणि शेवटची तपासणी केव्हा झाली, हे पुढच्या वाक्यात आले पाहिजे. समाजस्थिती ज्वालाग्राही होती असे लिहिले, तर ती कोणत्या अन्यायाने, अफवेने किंवा दिरंगाईने तशी झाली आणि त्या स्थितीचा लाभ कोणी उठवला, हेही आले पाहिजे. या जोडणीअभावी हा शब्द चौकशीला सुरुवात करून देण्याऐवजी ती आटोपतो, आणि ज्याच्याकडे सावधगिरीचे काम होते त्यालाच निर्दोष ठरवतो.